बाप्तिस्मा झाला म्हणजे नेमकं काय बदलतं? चर्चच्या वहीपासून सुप्रीम कोर्टापर्यंतची गोष्ट

विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल सुटली की थोड्याच वेळात वैतरणेचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे वसईचा पट्टा. तिथं गावागावात चर्च, वाटेवर क्रूस आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कॅथलिक. पुलाच्या पलीकडे सफाळे, केळवे, पालघर, बोईसर आणि पूर्वेला थेट जव्हार-मोखाड्यापर्यंत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे.

या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या मोबाईलवर तीन प्रकारचे मेसेज येतात. तुम्हीही पाहिले असतील. पहिला सांगतो की बाप्तिस्मा घेतला की जातीचा दाखला रद्द होतो. दुसरा सांगतो की ख्रिस्ती झालेल्या आदिवासींचं आरक्षणही आता गेलंच. आणि तिसरा सांगतो की बाप्तिस्मा वगैरे प्रकार आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, त्याआधी इथं काहीच नव्हतं.

यातला एक मेसेज अर्धा खरा आहे, एक आजच्या घडीला चुकीचा आहे आणि तिसऱ्याला किमान दोनशे वर्षं मागं जावं लागेल. पण तिन्ही मेसेज एकाच प्रश्नाभोवती फिरतात. डोक्यावर पाणी ओतण्याचा एक विधी, त्याची चर्चच्या वहीत एक ओळ. ती ओळ नेमकी कशाचा पुरावा असते?

आधी बातमी काय आहे ते बघू

२६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. सी. सेल्वरानी प्रकरण म्हणून तो ओळखला जातो. पुदुच्चेरीतल्या एका महिलेला सरकारी क्लार्कच्या जागेसाठी अनुसूचित जातीचा, म्हणजे एससीचा दाखला हवा होता. तिचं म्हणणं होतं की आपण हिंदू आहोत आणि वडिलांची जात आपली जात आहे. प्रशासनानं चौकशी केली. आई ख्रिस्ती, आईवडिलांचं लग्न ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदलेलं आणि या महिलेचा बाप्तिस्मा ती तान्ही असतानाच झालेला, असं त्यात निघालं.

न्यायमूर्ती पंकज मित्तल आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठानं तिची मागणी फेटाळली. ख्रिस्ती धर्म पाळायचा, नियमित चर्चला जायचं आणि फक्त नोकरीपुरतं हिंदू असल्याचं सांगायचं, ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असा निकालाचा सूर होता. ती पुन्हा हिंदू झाली किंवा तिच्या जातीनं तिला परत स्वीकारलं, याचाही पुरावा कोर्टाला दिसला नाही.

या निकालाचे पडसाद महाराष्ट्रात उमटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. कथित 'लव्ह जिहाद' आणि फसवून किंवा जबरदस्तीनं होणाऱ्या धर्मांतरांबाबत कायदा कसा करता येईल, हे तिनं बघायचं होतं. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत 'क्रिप्टो ख्रिश्चन' हा शब्द गाजला. म्हणजे कागदावर हिंदू आणि आचरणानं ख्रिस्ती असलेले लोक. त्यावर उत्तर देताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच निकालाचा आधार घेतला. हिंदू, बौद्ध आणि शीख यांच्याशिवाय इतर धर्मीयांनी एससीचा दाखला मिळवला असेल तर तो रद्द होईल, असं त्यांनी सांगितलं.

हा नियम मात्र नवा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात एससीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. धर्म बदलला तरी जातीचे चटके संपत नाहीत, मग सवलत का संपते, असा त्यांचा सवाल आहे. या प्रश्नाचा अभ्यास करायला केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

म्हणून पहिला मेसेज अर्धा खरा. तो एससीबद्दल आहे. आणि त्यातही कोर्टानं फक्त बाप्तिस्म्याची नोंद बघितली नाही, पुढचं आचरणही बघितलं.

मग आदिवासींचं काय?

पालघर जिल्ह्यासाठी हाच कळीचा प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेतले आकडे बघितले तर जिल्ह्याच्या आजच्या हद्दीतले सुमारे ३७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, म्हणजे एसटी आहेत. एसटीच्या यादीला धर्माची अटच नाही. वारली माणूस हिंदू असो, ख्रिस्ती असो किंवा फक्त वाघदेवाला मानणारा असो, यादीच्या दृष्टीनं तो वारली आहे.

२००४ मध्ये केरळ सरकार विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे अजून स्पष्ट केलं. केवळ धर्म बदलला म्हणून जमातीचं सदस्यत्व आपोआप जात नाही. पण ते आपोआप टिकतं असंही नाही. ती व्यक्ती जमातीच्या चालीरीती अजून पाळते का, जमातीच्या वाट्याला येणारं मागासलेपण तिच्याही वाट्याला येतं का, हे प्रत्येक प्रकरणात तपासायचं.

म्हणून दुसरा मेसेज आज तरी चुकीचा आहे. तो ज्या मागणीवर उभा आहे तिला 'डीलिस्टिंग' म्हणतात. धर्मांतर केलेल्या आदिवासींना एसटीच्या यादीतून काढा, अशी ही मागणी. बिहारमधले (आजच्या झारखंडचे) काँग्रेस खासदार कार्तिक उरांव यांनी ती १९६० च्या दशकात संसदेत लावून धरली होती. आज जनजाती सुरक्षा मंच ती पुढे नेतो.

मागणी करणाऱ्यांचा मुद्दा असा, की ज्यांनी जमातीच्या रूढी आणि देवदेवता सोडल्या त्यांना एसटीच्या सवलती आणि अल्पसंख्याकांच्या सवलती अशा दोन्ही मिळतात आणि मागे राहिलेल्यांचा वाटा कमी होतो. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा, की जमात म्हणजे धर्म नव्हे. रक्ताचं नातं, बोली, जमीन आणि जंगल यांनी ती बनते.

दोन्ही बाजूंचा वाद शेवटी एका जागी येऊन थांबतो. माणूस ख्रिस्ती झाला हे ठरवायचं कशावरून? उत्तर येतं, बाप्तिस्म्यावरून. म्हणून आता बाप्तिस्मा आला कुठून, ते बघायला हवं.

बाप्तिस्मा आला कुठून?

'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द. अर्थ साधा, पाण्यात बुडवणं. येशूच्या आधीपासून ज्यू लोकांमध्ये शुद्धीसाठी पाण्यात बुडी मारायची पद्धत होती. योहान नावाच्या संन्यासी वृत्तीच्या माणसानं यार्देन नदीत लोकांना अशी बुडी द्यायला सुरुवात केली. अट एकच, जगणं बदलायचं. शुभवर्तमानांनुसार येशूनंही त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला.

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय घडलं, याची एक झलक 'दिदाखे' नावाच्या छोट्याशा पुस्तिकेत मिळते. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला ती लिहिली गेली असावी. तिची जुनी हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये सापडली आणि अभ्यासकांमध्ये खळबळ उडाली. कारण त्यात विधी कसा करायचा याच्या अगदी घरगुती सूचना आहेत. वाहतं पाणी असेल तर उत्तम. नसेल तर दुसरं पाणी चालेल. गार नसेल तर कोमट चालेल. पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आणि त्याआधी उपवास करा.

म्हणजे सुरुवातीच्या या गटांना पाण्याच्या प्रमाणापेक्षा तयारी महत्त्वाची वाटत होती. तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या 'अपोस्टोलिक ट्रॅडिशन' या ग्रंथात तर तीन वर्षांच्या शिकवणीचा उल्लेख आहे. तीन वर्षं माणूस कसा वागतो ते बघायचं. विधवांची विचारपूस करतो का, आजाऱ्यांकडे जातो का, हे विचारायचं. मग पाणी.

लहान मुलांचा बाप्तिस्मा करावा की नाही, यावर त्यांच्यातच वाद होता. इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा टर्टुलियन हा लेखक सांगत होता की घाई कशाला, मूल मोठं होऊ दे, त्याला कळू दे. दोनशे वर्षांनी त्याच भागातला ऑगस्टीन नेमकं उलटं सांगत होता, की बाळाचा बाप्तिस्मा लवकर व्हायला हवा. पुढे ऑगस्टीनचंच मत चाललं. पुदुच्चेरीच्या त्या तान्ह्या मुलीच्या नावानं वहीत ओळ पडली, त्यामागे हा १६०० वर्षांपूर्वीचा निर्णय आहे.

आणि जेवणाचं काय?

बाप्तिस्मा हा आत येण्याचा दरवाजा. आत आल्यावर काय, तर एकत्र जेवण. आजची मिस्सा किंवा प्रभुभोजन यातूनच आलं.

इसवी सन ५५ च्या आसपास पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या गटाला खरमरीत पत्र लिहिलं. तक्रार काय होती? पैसेवाले आधी येऊन जेवून घेतात, पितात आणि काम आटोपून उशिरा येणारे गरीब उपाशी राहतात. पौलाच्या मते हे प्रभूचं भोजनच नव्हे.

शंभर वर्षांनी, १५५ च्या सुमारास, रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकानं सम्राटाला उद्देशून रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं. वाचन, प्रवचन, प्रार्थना. मग भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी तो पोचवायचा. ज्यांना जमेल त्यांनी पैसे द्यायचे आणि ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांच्यासाठी वापरायचे.

आपल्याकडे कोण कोणाच्या पंगतीला बसतं, यावर जात ठरत आली आहे. त्यामुळे एकत्र जेवण हा मुद्दा किती स्फोटक असू शकतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. रोमन शहरातही मालक आणि गुलाम एका पंगतीला बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

पहिली सरकारी चौकशी

इसवी सन ११२ च्या सुमाराला आजच्या उत्तर तुर्कस्तानात प्लिनी नावाचा रोमन अधिकारी प्रांताचा कारभार बघत होता. त्याच्याकडे तक्रारी आल्या की ख्रिस्ती लोक वाढताहेत, देवळं ओस पडताहेत. एक निनावी यादीही आली, त्यात बरीच नावं होती.

प्लिनीनं लोकांना बोलावून चौकशी केली. सेविका म्हणून काम करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा त्यानं छळही केला. हाती काय लागलं, तर हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताचं गाणं म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर पुन्हा जमून साधं जेवण जेवतात.

'शपथ' यासाठी प्लिनीनं वापरलेला लॅटिन शब्द आहे 'साक्रामेंतुम'. रोमन सैनिक भरती होताना जी शपथ घ्यायचा, तिला हाच शब्द होता. टर्टुलियननं तो बाप्तिस्म्यासाठी वापरला. तिथूनच 'साक्रामेंत' आला, ज्याला आपण मराठीत संस्कार म्हणतो.

प्लिनीनं सम्राट ट्राजनला विचारलं, काय करू? ट्राजनचं उत्तर थोडक्यात असं होतं. त्यांना शोधत फिरू नका. आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, पण जो आमच्या देवांची पूजा करून दाखवेल त्याला सोडा. आणि निनावी यादी अजिबात स्वीकारू नका. ट्राजन काही उदार नव्हता, ख्रिस्ती असणं हा त्याच्या लेखी गुन्हाच होता. तरी कुणीतरी नाव लिहून दिलं म्हणून माणसाला पकडायचं नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

एकाचे सात कसे झाले? आणि वही कधी आली?

सुरुवातीला संस्कारांची ठरलेली यादी नव्हती. बाराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या पीटर लोम्बार्डनं सात संस्कारांची यादी रूढ केली: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांचा तेलाभिषेक, धर्मगुरूची दीक्षा आणि विवाह. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं सात या आकड्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याचं कारण मार्टिन ल्यूथर आणि इतर सुधारक. त्यांचं म्हणणं होतं की येशूनं स्वतः सांगितलेले संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. म्हणून आजही कॅथलिक सात मानतात आणि बहुतेक प्रोटेस्टंट दोन.

याच ट्रेंटच्या परिषदेनं १५६३ मध्ये धर्मगुरूंना सांगितलं की लग्नांची वही ठेवा आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता कोण होते तेही लिहा. काही ठिकाणी अशा वह्या आधीपासून होत्या, आता तो नियम झाला. सरकारी जन्मनोंदणी येण्याच्या कितीतरी आधी चर्चकडे माणसाच्या नावाचा कागद तयार होऊ लागला. वसईतल्या अनेक कुटुंबांना आपली वंशावळ सांगताना आजही याच वह्यांचा आधार मिळतो.

वहीतली ओळ पुसता येते का? कॅथलिक चर्चचं उत्तर आहे, नाही. बेल्जियममध्ये एका माणसानं बाप्तिस्म्याच्या वहीतून नाव काढा अशी मागणी केली. तिथल्या डेटा संरक्षण यंत्रणेनं डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या बाजूनं आदेश दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये व्हॅटिकननं पुन्हा सांगितलं की ही वही झालेल्या घटनेची नोंद आहे, माणसाच्या आजच्या श्रद्धेची नाही. म्हणून ती खोडता येणार नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. ते आपल्या वादात कामाला येईल.

आपल्या किनाऱ्यावर हे कधी आलं?

आता तिसरा मेसेज. पोर्तुगीजांना वसई मिळाली डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशाहाशी झालेल्या तहानं. त्याच्या २१३ वर्षं आधीची गोष्ट ऐका.

१३२१ मध्ये काही फ्रान्सिस्कन आणि त्यांच्यासोबत जॉर्डानस हा डॉमिनिकन, असे युरोपी धर्मगुरू जहाजानं केरळातल्या कोल्लमकडे निघाले होते. वाऱ्यानं त्यांना ठाण्याला आणून सोडलं. तिथं ते कुणाकडे उतरले, तर ख्रिस्ती माणसाच्या घरी! ओदोरिक हा दुसरा प्रवासी लिहितो की ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची १५ घरं होती. नेस्टोरियन म्हणजे इराणकडच्या पूर्वेकडील चर्चशी नातं असलेले लोक.

त्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कनांना तिथल्या काझीशी झालेल्या धर्मविषयक वादानंतर मारण्यात आलं. जॉर्डानस तेव्हा बाहेरगावी होता. त्यानं त्यांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला नेऊन पुरले. ऑक्टोबर १३२१ च्या त्याच्या पत्रात बाप्तिस्म्यांचा हिशोब आहे. भडोचच्या बाजूला सुमारे ९०, नंतर २० हून जास्त आणि ठाणे ते सोपारा यांच्या दरम्यान ३५.

पण त्याच्या पुस्तकातली एक नोंद त्याहून रंजक आहे. या भागात इकडे तिकडे विखुरलेले काही लोक आहेत, ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, असं तो लिहितो. त्याच्या लेखी ते ख्रिस्ती नव्हतेच. त्या लोकांना मात्र तसं वाटत नव्हतं.

आजच्या 'क्रिप्टो ख्रिश्चन' वादाची ही उलटी बाजू आहे. आज सरकार म्हणतं, वहीत नाव आहे म्हणजे तुम्ही ख्रिस्ती. तेव्हा धर्मगुरू म्हणत होता, पाणी पडलं नाही म्हणजे तुम्ही ख्रिस्ती नाही. दोन्ही वेळा माणूस स्वतः काय म्हणतो, याला शेवटचा नंबर.

याहूनही आधी, सहाव्या शतकात, कॉस्मस हा ग्रीक भाषेत लिहिणारा लेखक 'कल्लियाना' नावाच्या गावी इराणहून नेमलेला बिशप असल्याचं सांगतो. अनेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात, सगळे मानत नाहीत. पण १३२१ ची पत्रं पुरेशी आहेत. पोर्तुगीजांच्या आधी इथं काहीच नव्हतं, हे खरं नाही.

म्हणून पोर्तुगीजांच्या काळात सगळं गोडीगुलाबीनं झालं असंही नाही. वसईचे आजचे बहुसंख्य कॅथलिक त्या दोनशे वर्षांतले आहेत. प्रवचन होतं, सवलतींची लालूच होती, देवळं पाडली गेली आणि १५६० पासून गोव्याच्या इन्क्विझिशनचा धाकही होता. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्याआधी केळवे, माहीम, तारापूर ही ठाणी मराठ्यांकडे आली होती. वसईच्या तहात ख्रिस्ती रयतेला उपासनेची मुभा राहिली. राज्य बदललं, तरी हजारो लोक आपल्या धर्मात राहिले. जबरदस्ती हे एकच कारण असतं, तर जबरदस्ती करणारे गेल्यावर ते राहिले नसते.

आणि ते राहिले ते मराठीच. ईस्ट इंडियन लग्नात आजही 'उंबराचं पाणी' आणायचा विधी असतो, विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. चर्चच्या सात संस्कारांत तो बसत नाही, पण त्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही याच मातीतले.

मुंबईच्या कोर्टात बाप्तिस्मा

बाप्तिस्मा कोर्टात जाणं हेही नवं नाही. १८३९ मध्ये मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला आणि शहर ढवळून निघालं. प्रकरण कोर्टात गेलं.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. तो अज्ञान असल्यानं कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. तरी त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर रण पेटलं. का? कारण तो ख्रिस्त्यांबरोबर जेवला होता. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या म्हणाले आणि त्यासाठी त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

म्हणजे चर्चच्या हिशोबात श्रीपत बाहेरच होता, पण जातीच्या हिशोबात तो एका पंगतीनं 'गेला' होता. पुढे १८५० मध्ये कंपनी सरकारनं कायदा करून धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही असं ठरवलं. पाणी आणि पंगत यांच्यापासून हक्क वेगळे करण्याचा तो मोठा प्रयत्न होता.

मग आज अडतं कुठे?

सुरुवातीच्या ख्रिस्ती गटांमध्ये बाप्तिस्मा हा एका लांब प्रक्रियेचा शेवट होता. माणूस कळता असायचा, कितीतरी काळ लोकांसमोर जगून दाखवायचा, मग शपथ घ्यायचा आणि पंगतीला बसायचा. पुढे मुलांचे बाप्तिस्मे आले, मग वही आली आणि ती सगळी प्रक्रिया एका ओळीत मावली. तारीख, नाव, आईबाप, धर्मगुरूची सही. ओळ खरी असते, पण त्या माणसाचं पुढचं आयुष्य तिच्यात नसतं.

सुप्रीम कोर्टाचे निकाल नीट वाचले तर तिथंही हेच दिसतं. सेल्वरानी प्रकरणात कोर्टानं आचरण बघितलं, चंद्रमोहनन प्रकरणात चालीरीती बघायला सांगितल्या. २०१५ च्या के. पी. मनू प्रकरणात, पूर्वजांनी सोडलेल्या धर्मात परतलेल्या माणसाला त्याच्या समाजानं स्वीकारलंय का, हे महत्त्वाचं मानलं. वहीतली ओळ ही सुरुवात, निर्णय नाही.

अडचण येते ती खाली, तहसील कचेरीत आणि पाड्यावर. तलासरीच्या एखाद्या वारली कुटुंबाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. घरातलं कुणी आजारी पडलं म्हणून आई रविवारी प्रार्थनेला जायला लागली. बाप्तिस्मा झालेला नाही. घरच्या लग्नात अजून धवलेरी गाणी म्हणते, चौक लिहिला जातो. मुलीला नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचंय आणि जात पडताळणीचा कागद हवाय. या घरातलं कोण ख्रिस्ती, कोण नाही? जॉर्डानसला विचारलं तर कुणीच नाही. गावातल्या निनावी यादीला विचारलं तर सगळे. आणि कायद्याला विचारलं तर मुलगी वारली आहे.

धर्मांतराविषयी सरकारची चिंता पोकळ आहे असं नाही. लालूच, फसवणूक, धाक यांनी धर्म बदलायला लावणं चूकच. १९७७ च्या स्टेनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की धर्मप्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. पण लालूच आणि धाक शोधणं वेगळं. तो एखाद्या कृत्याचा तपास असतो. पाणी पडलं का, पंगतीला बसला का, गाणं म्हटलं का हे शोधणं वेगळं. तो माणसाच्या मनाचा तपास असतो. प्लिनीनं दोन बायकांचा छळ करूनही त्याच्या हाती एक शपथ आणि साधं जेवणच लागलं.

तर, मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

बाप्तिस्म्यानं एससीचा दर्जा जातो का? ख्रिस्ती धर्म पाळत असाल तर हो, सध्याच्या कायद्यानं जातो. एसटीचा आपोआप जातो का? नाही. डीलिस्टिंग ही मागणी आहे, कायदा नाही. बाप्तिस्मा इथं पोर्तुगीजांनी आणला का? नाही, सोपाऱ्याच्या परिसरात तो १३२१ मध्ये झाल्याची लेखी नोंद आहे. पण आजच्या वसईच्या समाजाचा मोठा भाग पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाला, हेही खरं.

आणि तुमच्या गावाच्या ग्रुपवर कुणी 'आपल्यातले छुपे ख्रिस्ती' म्हणून नावांची यादी टाकली, तर ती पुढे पाठवू नका. यादीतल्या प्रत्येक नावामागे एखाद्या मुलीचं ॲडमिशन असू शकतं. निनावी यादी स्वीकारायची नाही, हे १९०० वर्षांपूर्वी एका रोमन सम्राटालाही पटलं होतं.